मुलांची पोटगी कशी ठरते? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांसाठी

नवरा-बायको वेगळे राहू लागले की थोड्याच दिवसांत प्रश्न उभा राहतो: पोरांच्या खर्चाचं काय? मग जो तो आपला आकडा सांगतो. कोणी म्हणतं, पगाराचा तिसरा हिस्सा मिळतो. कोणी म्हणतं, मुलामागे पाच हजार ठरलेलेच आहेत. कोणी म्हणतं, घटस्फोट झाल्याशिवाय एक पैसा मिळत नाही. यातलं एकही खरं नाही. आपल्याकडे मुलांच्या पोटगीचा सरकारी तक्ता नाही आणि कायद्यात लिहिलेली टक्केवारीही नाही. आकडा न्यायाधीश ठरवतात, आणि तो त्यांच्यासमोर आलेल्या कागदांवरून ठरवतात. ज्याच्या हातात पावत्या आणि हिशोब आहे त्याचं म्हणणं टिकतं. ज्याच्याकडे नुसती हकिकत आहे, त्याच्या मुलाला कमी मिळतं, मग हकिकत कितीही खरी असो. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये कायद्याच्या कलमांपेक्षा कागदांवर जास्त भर दिला आहे.

आधी हे पक्कं करा: पैसा मुलाचा आहे

मुलाची पोटगी म्हणजे आईला मिळणारा मोबदला नव्हे आणि बापाला होणारा दंडही नव्हे. तो मुलाचा हक्क आहे. आईबापांचं लग्न टिकलेलं असो, मोडलेलं असो किंवा झालेलंच नसो, अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाला तो मिळतो. बायकोच्या स्वतःच्या पोटगीला नवरा हरकत घेऊ शकतो, की ती कारण नसताना घर सोडून गेली, तिचं वागणं बरोबर नव्हतं वगैरे. हे आरोप मुलाच्या पोटगीला लागू होत नाहीत. म्हणून अर्जात आईची मागणी आणि प्रत्येक मुलाची मागणी वेगवेगळी लिहा. एकत्र एकच रक्कम मागितली की आईवरच्या आरोपांच्या वादात मुलांचा आकडाही अडकतो.

"मला त्याचा पैसा नको" असं अनेक बायका रागाने आणि स्वाभिमानाने म्हणतात. तो स्वाभिमान मला कळतो. पण तो आईने स्वतःच्या पोटगीपुरता ठेवावा. मुलाच्या वाट्याचं सोडून द्यायचा अधिकार आईला नाही. संमतीने घटस्फोट घेताना "यापुढे मुलांसाठी काहीही मागणार नाही" असं कलम कोणी घालायला लावलं, तर सही करू नका. असं लिहून दिल्याने मुलाचा हक्क संपत नाही, पण पुढे मागायला गेल्यावर तोच कागद तुमच्या तोंडासमोर धरला जातो आणि वर्षभर त्यावरच वाद चालतो.

मुलं बापाकडे असतील तर हेच उलटं लागू होतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० प्रमाणे मुलांच्या पालनाची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे. कमावत्या आईकडून बाप मुलांसाठी वाटा मागू शकतो.

कोणत्या कायद्याखाली जायचं

बहुतेकांसाठी सर्वात सरळ रस्ता म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आणि कोर्टाच्या आवारात सवयीने अजून "एकशे पंचवीस" असाच शब्द ऐकू येतो. घाबरू नका, गोष्ट एकच आहे. हे कलम कोणत्याही धर्माला लागू आहे. मुसलमान बापाची जबाबदारी मूल दोन वर्षांचं झालं की संपते, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच फेटाळला. पूर्वी या कलमाखाली महिन्याला ५०० रुपयांपेक्षा जास्त देता येत नसे. ती मर्यादा २००१ मध्ये गेली, त्यामुळे कोणी "पाचशेच मिळतात" म्हणालं तर ते जुनं झालं.

घरात मारहाण, छळ, पैशाची अडवणूक झाली असेल तर घरगुती हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २० खालीही मुलांसाठी रक्कम मागता येते. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ आहे, ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यात तशी तरतूद आहे. दोन ठिकाणी अर्ज करायला बंदी नाही. मात्र एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी सांगावीच लागते आणि ती वजा होते. लपवलं तर तुमच्या सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास उडतो.

अर्ज कुठे करायचा

या भागात हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपल्या सोयरिकी राज्याची सीमा बघून होत नाहीत. चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या लेकी इकडे नांदतात, खानापूर-निपाणीच्या तिकडे. नवरा कोल्हापूरला, पुण्याला नाहीतर गोव्यात कामाला असतो.

तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात पोटगीचा अर्ज करता येतो. नवरा कुठेही असो, त्याच्या गावी जायची गरज नाही. माहेरी येऊन राहिला असाल तर माहेरच्या जिल्ह्यात अर्ज चालतो. बेळगावात कौटुंबिक न्यायालय आहे. त्याचा अधिकार चालतो त्या भागातली प्रकरणं तिथे जातात, बाकी ठिकाणची प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तुमचं गाव नेमकं कुठे मोडतं ते तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीत विचारा. तिथेच वकीलही फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे बायका आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. फोन करायचा तर १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे.

इकडे मिळालेला आदेश सीमेपलीकडे चालत नाही, ही समजूत चुकीची आहे. कायदा केंद्राचा आहे. बेळगावच्या कोर्टाचा पोटगीचा आदेश नवरा जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून अमलात आणता येतो, मग ते कोल्हापूर असो की पुणे.

एक अडचण मात्र खरी आहे. नवऱ्याने आधीच महाराष्ट्रातल्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावला असेल आणि तो इकडे आणायचा असेल, तर दोन वेगळी उच्च न्यायालयं मध्ये येतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दिवाणी दावा हलवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयालाच आहे. लहान मूल कडेवर घेऊन हे करणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. म्हणून तो दावा हलवायच्या खटपटीत पोटगी थांबवून ठेवू नका. पोटगीचा स्वतंत्र अर्ज तुमच्या जिल्ह्यात आधी दाखल करा आणि तिकडच्या दाव्यात जाण्यायेण्याचा व वकिलाचा खर्च मागा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये त्याची सोय आहे.

मुलाच्या खर्चाची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एक दोनशे पानी वही घ्या, वेगळे राहू लागलात त्या दिवसापासून मुलांचा खर्च तारखेनिशी लिहा आणि पावत्या मागच्या पानांना टाचून ठेवा. दोन मुलं असतील तर दोन भाग करा.

खर्चाचे तीन गट पाडले की काही सुटत नाही. पहिला रोजचा: दूध, भाजी, किराणा, खाऊ, साबण, औषध. दुसरा वर्षातून एकदा-दोनदा येणारा: शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, छत्री-रेनकोट, सणाचे कपडे, सहल. हा गट बहुतेक जण विसरतात, कारण अर्ज लिहिताना जो महिना चालू असतो तेवढाच डोळ्यासमोर असतो. जूनमधला खर्च डिसेंबरात आठवत नाही. वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि महिन्याच्या रकमेत मिळवा. तिसरा गट घराचा: भाडं, लाईट बिल, गॅस. घरात आई आणि दोन मुलं असतील तर भाड्याचे दोन तृतीयांश मुलांच्या नावावर धरणं रास्त आहे. माहेरी राहत असाल आणि भाडं नसेल तर खोटं भाडं लिहू नका. घरखर्चात तुम्ही देता तो वाटा लिहा.

खर्च फुगवायचा मोह टाळा. समोरचा वकील एक ओळ खोटी ठरवतो आणि बाकीच्या खऱ्या ओळींवरही संशय येतो. साधं उदाहरण घ्या: शक्ती योजनेमुळे कर्नाटकात राहणाऱ्या मुलीला राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट पडत नाही. तिचा बसपास लिहिला तर पहिल्याच तारखेला उघडे पडाल. शाळेच्या रिक्षाचे पैसे देत असाल तर रिक्षाचे लिहा आणि रिक्षावाल्याकडून महिन्याची चिठ्ठी घ्या. गृहलक्ष्मीचे २,००० रुपये तुमच्या खात्यावर येत असतील तर तेही सांगा.

मुलाला दमा आहे, चष्मा आहे, बोलायला उशीर झाला आहे, अभ्यासात वेगळी मदत लागते, असं काही असेल तर डॉक्टरांचा कागद आजच घ्या. सिव्हिलचा केसपेपर चालतो. शाळा कोणती हेही महत्त्वाचं असतं. वेगळे होण्याआधी दोघांनी मिळून मूल ज्या शाळेत घातलं, तिची फी परवडत नाही असं बापाला सहजासहजी म्हणता येत नाही. त्या वर्षाची प्रवेशाची पावती, त्यावर बापाची सही असेल तर फारच चांगलं, जपून ठेवा.

समोरच्याची कमाई

नोकरदार असेल तर काम सोपं. पगाराच्या चिठ्ठीतून आयकर, व्यवसाय कर, भविष्यनिर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती वजा होतात. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते, पतसंस्थेची वर्गणी, भिशी या गोष्टी कोर्ट सहसा त्याच पद्धतीने वजा करत नाही, नाहीतर पोटगी चुकवायला प्रत्येकाने कर्ज काढलं असतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मशिनशॉपमध्ये काम असेल तर मूळ पगाराबरोबर ओव्हरटाइम आणि दिवाळीचा बोनसही विचारा. हा भाग चिठ्ठीत एका महिन्यात दिसतो, दुसऱ्यात नाही, म्हणून वर्षाचं बँक स्टेटमेंट मागा.

शेतकरी असेल तर कमाई महिन्याला येत नाही आणि "शेतात काही उरत नाही" हे वाक्य ठरलेलं असतं. इथे कागद गोळा करा. कर्नाटकातल्या जमिनीचा पहाणी उतारा भूमीच्या संगणकीकृत नोंदींतून कोणालाही काढता येतो. सीमेपलीकडे जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ काढा. अनेक घरांची जमीन दोन्ही राज्यांत आहे आणि कोर्टात एकाच राज्याचा उतारा दाखवला जातो. मग कारखान्याचं उसाचं बिल, डेअरीचं दुधाचं पासबुक, सोसायटीचं पीककर्ज. कर्ज काढताना त्याने स्वतः किती पीक आणि किती क्षेत्र लिहून दिलं होतं ते त्यात असतं.

समजा, त्याच्या स्वतःच्या वाट्याला तीन एकर ऊस आहे. एकरी ४० टन धरले तर १२० टन. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला ३,००० रुपये आले तर ३,६०,००० रुपये. बियाणं, खत, पाणी, मजुरी यात १,२०,००० गेले तर उरतात २,४०,०००, म्हणजे महिन्याला २०,०००. आकडे उदाहरणाचे आहेत. रीत मात्र हीच: वर्षाचं उत्पन्न, वजा खरा खर्च, भागिले बारा. जमीन वडिलांच्या नावावर असेल आणि हा एकटाच कसत असेल, तर ते वेगळं सांगावं आणि साक्षीदाराने दाखवावं लागतं.

दुकान, गॅरेज, वडाप, कंत्राटं अशी रोखीची कमाई असेल तर राहणीमान हाच पुरावा. गाडी कोणती, घरपट्टी किती, विम्याचा हप्ता किती, मोबाईलवरून येणारे पैसे किती. फोटो आणि कागद गोळा करा, पण त्याच्या फोनमध्ये किंवा खात्यात चोरून शिरू नका. कोर्टामार्फत स्टेटमेंट मागवता येतं.

निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्याकडे कागद नसतात. अशा वेळी कोर्ट त्या कामाचं किमान वेतन आणि महिन्याचे कामाचे दिवस धरून अंदाज बांधतं. "मला काम नाही" हे उत्तर धडधाकट माणसाला तारत नाही. अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना सांभाळण्याची जबाबदारी टळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे.

मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, आणि सैन्यातले जावई या पट्ट्यात घरोघर आहेत. जवानांसाठी आणखी एक वाट आहे. सेना कायदा, १९५० च्या कलम ९० (अधिकारी) आणि ९१ (इतर जवान) प्रमाणे बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून थेट कपात करता येते. त्यासाठी त्याच्या पलटणीमार्फत लेखी अर्ज करावा. अर्जात त्याचा सेवा क्रमांक, मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा पुरावा जोडा.

आता आकडा बसवा

दोन पद्धतींनी हिशोब करा. दोन्ही आकडे जवळ आले की मागणी भक्कम होते.

समजा, बापाच्या हातात महिन्याला ३०,००० रुपये येतात. आई शिलाईतून १०,००० कमावते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा, दोघं आईकडे.

पहिली पद्धत गरजेची. मुलीची वर्षाची फी २४,०००, मुलाची १८,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. वह्या-पुस्तकं-गणवेश मिळून १,०००. रिक्षा १,२००. दूध-किराणा-भाजीत दोघांचा वाटा ५,०००. कपडे व सण ८००. औषधपाणी ७००. शिकवणी १,०००. भाडं ६,००० आहे, त्यातले मुलांचे ४,०००. लाईट व गॅसमधला वाटा ६००. एकूण १७,८००. आता हा खर्च दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटा: ३०,००० ला १०,०००, म्हणजे तीनास एक. बापाचा वाटा १३,३५०, आईचा ४,४५०. दोघंही कमावते असतील तर मुलांचा खर्च कमाईच्या प्रमाणात वाटावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये एका प्रकरणात वापरलं. तिथे बापाचा पगार आईच्या साधारण दुप्पट होता, म्हणून दोनास एक असं प्रमाण धरलं. आईची कमाई नसेल तर अर्थातच सगळा भार बापावर येतो. आणि आई मुलांसाठी रांधते, अभ्यास घेते, आजारपणात जागते, तो वाटा पैशात मोजला जात नसला तरी तुमच्या वकिलाला तो मांडायला सांगा.

दुसरी पद्धत वाट्यांची. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती सुचवली आणि आजही अनेक ठिकाणी ती तपासणीसाठी वापरली जाते. कमावणाऱ्याचे दोन वाटे, बाकी प्रत्येकाचा एक. इथे बापाचे दोन, आईचा एक, मुलांचे दोन, असे पाच. ३०,००० भागिले पाच म्हणजे वाटा ६,०००. मुलांचे १२,०००. आई कमावते म्हणून तिच्या स्वतःच्या वाट्यात कपात होऊ शकते, मुलांच्या वाट्यात त्या कारणाने लगेच होत नाही.

एका हिशोबाने १३,३५०, दुसऱ्याने १२,०००. मग मुलांसाठी बारा ते साडेतेरा हजारांची मागणी पोकळ वाटत नाही. बापावर म्हातारे आईवडील अवलंबून असतील, आजारपण असेल, तर आकडा खाली येईल. बँकेत ठेवी किंवा भाड्याचे गाळे असतील तर वर जाईल. पंचवीस टक्क्यांबद्दल ऐकलं असेल, तर ते २०१७ च्या एका निकालातून आलं आहे. तिथे बायकोसाठी नवऱ्याच्या निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा वाजवी मानला होता. तो मुलांच्या पोटगीचा नियम नाही.

प्रतिज्ञापत्र: इथेच आकडा ठरतो

४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशासाठी एक रीत घालून दिली. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी ठरावीक नमुन्यातल्या प्रतिज्ञापत्रावर उघड करायची. शेतीसाठी वेगळा नमुना आहे, शेती असेल तर तो मागून घ्या. अर्ज करणाऱ्याने प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच द्यायचं, समोरच्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत. दारिद्र्यरेषेखालच्या आणि रोजंदारीवरच्या माणसांना यातून सूट आहे. तुमचं बीपीएल कार्ड असेल तर त्याची प्रत जोडून तसं लिहा.

कोणतीही जागा कोरी सोडू नका. नसेल तिथे "नाही" लिहा. समोरच्याने माहिती दडवली तर त्याच्या विरुद्ध अर्थ काढायचा अधिकार कोर्टाला आहे, आणि शपथेवर खोटं बोलल्याबद्दल कारवाईही मागता येते. त्याचं प्रतिज्ञापत्र हातात आलं की तुमच्या वहीशी, उताऱ्यांशी, बिलांशी ओळ न ओळ ताडून बघा आणि फरक एका कागदावर लिहून वकिलाला द्या. वकिलाकडे शंभर प्रकरणं असतात. त्या घरात राहिलेलं माणूस तुम्ही एकटेच आहात.

भाषेची अडचण

इथल्या कोर्टाचं कामकाज कन्नड आणि इंग्रजीत चालतं. मराठी शाळेत शिकलेल्या बाईला आपल्याच अर्जात काय लिहिलं आहे ते वाचता येत नाही, ही गोष्ट मला बोचते. पण तिच्यावर इलाज आहे. सही किंवा अंगठा करण्याआधी पूर्ण मजकूर मराठीत वाचून दाखवायला सांगा, हा तुमचा हक्क आहे. घाई आहे असं कोणी म्हणालं तरी थांबा. मराठी कागद, म्हणजे शाळेचा दाखला, सातबारा, लग्नपत्रिका, यांचं भाषांतर आधीच करून ठेवा, नाहीतर एक तारीख त्यातच जाते. साक्ष मराठीत देता येते. उभं राहिल्याबरोबर "मला मराठीतच नीट सांगता येतं" असं न्यायाधीशांना सांगा. साक्ष टिपली की ती वाचून दाखवायला सांगा आणि चूक असेल तर तिथेच बोला. अर्धवट कन्नडमध्ये दिलेल्या एका चुकीच्या उत्तराने आकडा बदलू शकतो.

तात्पुरती पोटगी आणि अर्जाची तारीख

मुख्य निकालाला वेळ लागतो. तोवर मूल उपाशी राहू नये म्हणून अर्जासोबतच तात्पुरत्या पोटगीचा अर्ज द्या. समोरच्याला नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तो निकालात काढावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, पण ही ओळ माहीत असली की आठवण करून देता येते.

पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या त्याच निकालात सांगितलं आहे. त्याआधीचे महिने मात्र सहसा गेले ते गेले. "बघू, दिवाळीनंतर समेट होईल" म्हणत वर्ष काढलेली कितीतरी घरं आहेत. समेटाची बोलणी चालू द्या, ती अर्ज केल्यावरही चालतात, कौटुंबिक न्यायालय स्वतःच समुपदेशन करतं. अर्ज मात्र आधी करा.

पैसे आले नाहीत तर

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, ती मोफत मिळते. रक्कम नेहमी बँक खात्यात घ्या. थकली तर वसुलीचा अर्ज करा, आणि थकल्या तारखेपासून एका वर्षाच्या आत करा. वर्ष उलटलं की त्या रकमेसाठी वॉरंटचा रस्ता बंद होतो. कोर्ट मालमत्ता जप्त करू शकतं आणि प्रत्येक थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत तुरुंगवास देऊ शकतं. तुरुंगात बसून आल्याने थकबाकी फिटत नाही, ती उभीच राहते. घरगुती हिंसाचार कायद्याखाली मालकाला थेट पगारातून भरणा करण्याचा आदेशही मिळतो. दिवाणी हुकूमनाम्याखाली पोटगीसाठी पगाराच्या दोन तृतीयांश भागापर्यंत जप्ती येऊ शकते.

आकडा अन्यायाने कमी लागला असं वाटलं तर कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी धारवाड खंडपीठात, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात जाता येतं.

देणाऱ्या पालकासाठी

नोटीस आली की हजर राहा. टाळलंत तर एकतर्फी आदेश होतो, आणि तो रद्द करून घ्यायला तीन महिन्यांच्या आत सबळ कारण दाखवावं लागतं. खरं उत्पन्न आणि खरी देणी सांगा. आजारी आईवडिलांचा खर्च असेल तर त्याच्याही पावत्या द्या. रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि कोणत्या महिन्याची पोटगी ते लिहा. शाळेची फी परस्पर भरणार असाल तर ती पोटगीतून वजा होईल असं आदेशात लिहून घ्या. नाहीतर ती तुमची हौस ठरते.

मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवू नका. भेटीसाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज आहे. आईलाही हेच सांगेन: पैसे थकले म्हणून मुलाची बापाशी भेट तोडू नका.

आकडा कायमचा नसतो

मूल पहिलीतून आठवीत गेलं, फी दुप्पट झाली, बापाचा पगार वाढला किंवा कारखाना बंद पडला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम बदलून मागता येते. दोन्ही बाजूंना हा हक्क आहे. आपसात समझोता होत असेल तर दरवर्षी किती वाढ, शाळा-कॉलेज बदलल्यावर फी कोणी किती भरायची, मोठं आजारपण आल्यास वाटा किती, हे त्यातच लिहून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी कोर्टात जावं लागत नाही.

कलम १४४ खालची पोटगी मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. शरीराने किंवा मनाने अधू असल्यामुळे ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही, अशा मुलाला पुढेही मिळते. मुलगा बारावी होतो नेमका त्याच सुमारास ती थांबते, म्हणून कॉलेजच्या खर्चाचं कलम समझोत्यात आधीच घालणं मुलग्याच्या बाबतीत फार गरजेचं आहे. हिंदू, जैन, बौद्ध, शीख घरातल्या अविवाहित मुलीला मात्र १९५६ च्या कायद्याखाली लग्न होईपर्यंत बापाकडून निर्वाह मागता येतो, आणि त्यात तिच्या लग्नाचा रास्त खर्चही येतो. हा दावा १४४ च्या अर्जात चालत नाही, वेगळा करावा लागतो. मुलगी सतरा वर्षांची झाली की विधी सेवा समितीत जाऊन त्याची तयारी सुरू करा, म्हणजे एक आदेश संपून दुसरा मिळेपर्यंत तिचं कॉलेज मध्येच सुटणार नाही.